छोट्या मालवाहू गाडीचे ब्रेक: घरच्या घरी काय सुधारता येते, काय नाही

प्रतिनिधी

पहाटे चारच्या सुमारास मार्केट यार्डाच्या दाराशी उभे राहिले, की शहराचा भाजीपाला कोणाच्या पाठीवर बसून येतो ते दिसते. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने 'एस' ही गाडी बाजारात आणली आणि लोकांनी तिचे बारसे 'छोटा हत्ती' असे केले. ७०२ घनसेंटिमीटरचे दोन सिलेंडरचे डिझेल इंजिन, सुमारे १६ अश्वशक्ती, ७५० किलोचा अधिकृत भार आणि मालासह एकूण १,५५० किलो वजन, अशी ती पहिली गाडी होती. तीनचाकी रिक्षाटेम्पोपेक्षा भरवशाची आणि मोठ्या टेम्पोपेक्षा स्वस्त अशा या वर्गात नंतर अनेक कंपन्यांच्या गाड्या आल्या. यांतील असंख्य गाड्या मालकच चालवतात. हप्ता, डिझेल, टायर, हमाली यांचा हिशेब घालताना दुरुस्तीचे जे काम स्वतःला जमेल ते घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या मागल्या बाजूला उरकून घेण्याकडे त्यांचा कल असतो. त्या कामांत ब्रेकचे काम अलीकडे वरचेवर दिसते.

'ब्रेक कमी लागतो, जरा वाढवून द्या,' ही मागणी गॅरेजवाल्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. मागणी साधी वाटते, पण 'ब्रेक वाढवणे' म्हणजे नेमके काय हे मागणाऱ्याला आणि पुष्कळदा देणाऱ्यालाही स्पष्ट नसते. कोणी मोठी डिस्क बसवा म्हणतो, कोणी मास्टर सिलेंडर मोठा घ्या म्हणतो, कोणी मागच्या ड्रमच्या जागी डिस्क टाकण्याचा सल्ला देतो. मालाने भरलेली गाडी उतारावर थांबली नाही तर पुढे काय वाढून ठेवलेले असते, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी या यंत्रणेचा विचार थोडा मुळापासून करणे योग्य ठरेल.

ब्रेकचे खरे काम

गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाने. ब्रेक चाकाला थांबवतो, चाक गाडीला थांबवते. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोराने पॅडल दाबल्यावर चाके जागीच जाम होत असतील, तर त्या गाडीच्या ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्यावर दुप्पट आकाराची डिस्क बसवली तरी एका थांबण्याचे अंतर वीतभरही कमी होणार नाही. ही गोष्ट ब्रेकवर खर्च करण्यास निघालेल्या प्रत्येकाने आधी मनाशी पक्की करावी. गुळगुळीत झालेल्या टायरवर महागडे ब्रेक बसवणे हा निव्वळ अपव्यय होय.

चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर, ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबू शकते. वेग ६० केला की तेच अंतर २० मीटरवर जाते. त्यात चालकाला धोका दिसून पाय पॅडलवर पडेपर्यंतचा एक सेकंद धरला, तर अनुक्रमे ११ आणि १७ मीटर आणखी वाढतात. वेग दीडपट झाला की गाडीतील ऊर्जा सव्वादोनपट होते, हे गणित कोणत्याही ब्रेकला चुकवता येत नाही.

मोठ्या ब्रेकचा उपयोग निराळ्याच ठिकाणी असतो. ब्रेक हे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे. १,५५० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे २१५ किलोज्यूल ऊर्जा डिस्क आणि ड्रम यांच्या लोखंडात उष्णतेच्या रूपाने उतरते. एकदा थांबले तर लोखंड तेवढी उष्णता सहज पचवते. वारंवार थांबत राहिले, किंवा लांब उतारावर पाय पॅडलवरून उचललाच नाही, तर उष्णता बाहेर पडण्यापेक्षा आत येण्याचा वेग जास्त होतो. पॅड आणि लायनर एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांचे घर्षण घटते. चालक अधिक जोर लावतो, ते अधिक तापतात. मोठी, जाड, हवा खेळती ठेवणारी डिस्क या ठिकाणी कामी येते, कारण तिच्यात उष्णता साठवण्यास लोखंड जास्त असते आणि ती लवकर निवते.

घाटाचा हिशेब

आपल्याकडच्या चालकांना याचा अनुभव घाटातच येतो. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर उंची उतरतो. पूर्ण भरलेला छोटा हत्ती ही उंची उतरतो तेव्हा ७.६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. ताशी ६० वरून गाडी सलग ३५ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ही ऊर्जा आहे. दुसऱ्या शब्दांत, साधारण २४ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. त्यातील काही भाग हवेचा आणि टायरचा रोध खातो. उरलेली ऊर्जा एकतर इंजिनाने घ्यायची, नाही तर ब्रेकने.

ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण या हिशेबावरच उभी आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढते आणि ब्रेकवरचे ओझे हलके होते. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरणारे महाभाग आजही भेटतात. ते वाचवतात ते काही चमचे डिझेल, आणि सारी उष्णता डिस्क, ड्रम व ब्रेक ऑइल यांच्या माथी मारतात. त्यात ७५० किलोच्या जागी १,२५० किलो माल भरलेला असेल, तर हाच आकडा १० मेगाज्यूलवर जातो. कंपनीने ब्रेकची रचना केली ती ठरलेल्या भारासाठी. 'ब्रेक कमी लागतो' या तक्रारीचे मूळ पुष्कळ वेळा हौद्यातच असते, चाकात नसते.

आधी जे आहे ते तपासावे

या वर्गातील गाड्यांत समोर डिस्क आणि मागे ड्रम ही रचना सर्वसाधारण आहे. पाच-सात वर्षे धावलेल्या गाडीचे ब्रेक कंपनीने दिले तसे क्वचितच उरलेले असतात. त्यामुळे सुधारणेची पहिली पायरी म्हणजे यंत्रणा मूळ अवस्थेत आणणे. एवढे केल्यावर बहुतेक मालकांना पुढचा खर्च करण्याची इच्छाच राहत नाही, असे अनुभवी कारागीर सांगतात.

पॅडल काय सांगते ते आधी ऐकावे. पॅडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे किंवा ऑइल जुने झाले आहे. पहिल्या दाबाला खाली जाऊन दुसऱ्या दाबाला वर येत असेल तर मागच्या ड्रममधील शू झिजून अंतर वाढले आहे. ते ॲडजस्ट करावे लागतात. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू जमिनीकडे सरकत असेल, तर मास्टर सिलेंडरमधील रबर गेले आहे किंवा कुठेतरी गळती आहे. अशी गाडी त्याच क्षणी उभी करावी, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये. पॅडल दगडासारखे कडक असेल तर व्हॅक्यूम बूस्टर किंवा त्याची नळी पाहावी. बूस्टर तपासण्याची रीत सोपी आहे: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल दाबावे, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली सरकले तर बूस्टर काम करतो आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत, अथवा एका बाजूच्या लायनरवर तेल किंवा ग्रीस आले आहे.

तेल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन, वर पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळलेली आहे. ती सर्वथा चुकीची आहे. लायनरमध्ये मुरलेले तेल धुऊन निघत नाही. गरम झाले की पुन्हा वर येते. ते लायनर टाकून द्यावे, आणि एकाच बाजूचे न बदलता दोन्ही चाकांचे बदलावे. नवे टाकण्यापूर्वी तेल कुठून आले ते शोधावे लागते. व्हील सिलेंडर पाझरत असेल किंवा ॲक्सलचे ऑइल सील गेले असेल, तर नवे लायनरही महिन्याभरात तशाच वाटेने जाईल.

मागच्या ॲक्सलपाशी अनेक गाड्यांत भारानुसार दाब ठरवणारा एक झडपेचा भाग असतो. हौदा भरला की गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि जोडलेली दांडी ती झडप उघडते, म्हणजे मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असताना मागच्या चाकांवर वजन नसते, तेव्हा तोच दाब ती कमी करते. चिखलाने ही दांडी जाम झाली, किंवा मागच्या पाट्यांमध्ये जादा पान टाकल्यामुळे गाडी बसेनाशी झाली, तर भरलेल्या गाडीलाही रिकाम्या गाडीइतकाच मागचा ब्रेक मिळतो. पाटे वाढवून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, आणि पाटे वाढवून देणारे त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

ब्रेक ऑइल: सर्वांत स्वस्त सुधारणा

ब्रेक ऑइल नावाने ऑइल असले तरी ते खनिज तेल नव्हे. प्रचलित डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची द्रव्ये आहेत आणि ती हवेतील ओलावा शोषतात. ओलावा वाढला की त्यांचा उत्कलनबिंदू घसरतो. प्रमाणानुसार नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली आला तरी चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. घाटात कॅलिपर तापून आतले जुने ऑइल उकळले की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पाय थेट फरशीला टेकतो आणि गाडी चालतच राहते. काही वेळाने सारे निवल्यावर ब्रेक पुन्हा लागू लागतो, म्हणून अपघातानंतरच्या तपासणीत 'ब्रेकमध्ये दोष आढळला नाही' असे निघण्याचाही संभव असतो.

बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलण्यास सांगतात. प्रत्यक्षात आपल्याकडे ते बदलले जात नाही, पातळी खाली गेली की वरून भरले जाते. गाडीच्या पुस्तिकेत डॉट ३ सांगितले असेल तर सीलबंद डबीतील ताजे डॉट ४ भरणे ही घाटात जाणाऱ्यांसाठी चांगली सुधारणा आहे, कारण दोन्ही एकाच जातीची आहेत. मात्र पुस्तिका त्यास मनाई करत नाही ना, हे पाहून घ्यावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे असून ते यांत मिसळत नाही, तेव्हा नावातील साम्याने फसू नये. आणि आडवाटेला ऑइल कमी पडले म्हणून इंजिन ऑइल किंवा डिझेल ओतण्याचा प्रकार तर कदापि करू नये. खनिज तेलाने यंत्रणेतील रबरी भाग फुगतात, मग मास्टर सिलेंडरपासून शेवटच्या चाकापर्यंत प्रत्येक रबर बदलल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पॅड, डिस्क आणि नळ्या

दुसरी परिणामकारक सुधारणा म्हणजे चांगल्या प्रतीचे पॅड आणि लायनर. स्वस्त पॅड थंड असताना उत्तम पकडतात आणि तापल्यावर दगा देतात, त्यामुळे शहरातील फेरफटक्यावरून त्यांची परीक्षा होत नाही. उलट, शर्यतीच्या गाड्यांसाठीचे पॅड तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. सकाळी दूध पोहोचवणाऱ्या गाडीला ते काय कामाचे? कंपनीने पुरवलेले किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचे पॅड घेणे हा मध्यम मार्ग उत्तम. खोक्यावरचे नाव आणि छपाई नीट पाहावी, कारण सुट्या भागांच्या बाजारात नकली माल मुबलक आहे.

डिस्कच्या कडेवर किमान जाडी आणि ड्रमच्या आत कमाल व्यास हे आकडे बहुधा ओतलेले किंवा कोरलेले असतात. त्यापलीकडे झिजलेला भाग लेथवर घासून आणण्यात अर्थ नाही. पातळ झालेल्या डिस्कमध्ये उष्णता साठवायला लोखंडच शिल्लक नसते. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला आकर्षक असतात, परंतु मालवाहू गाडीच्या जड कामात त्या भोकांच्या कडांपासून तडे जाण्याची भीती असते. साधी, पूर्ण जाडीची नवी डिस्क त्यांच्यापेक्षा चांगली.

रबरी होज पाइप वर्षानुवर्षे बदलले जात नाहीत. बाहेरून धड दिसणारा पाइप आतून सुजून बंद होतो आणि त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो. पोलादी जाळीचे आवरण असलेले पाइप बसवल्यास पॅडल अधिक घट्ट लागते, थांबण्याचे अंतर मात्र त्याने कमी होत नाही. नवे रबरी पाइप बसवले तरी फरक पुरेसा जाणवतो.

मोठे बदल आणि त्यांतले सापळे

अमेरिकेत १९८० च्या दशकातील टोयोटाच्या लहान पिकअपवर त्याच कंपनीच्या सहा सिलेंडरच्या गाडीचे मोठे कॅलिपर आणि हवेशीर डिस्क बसवण्याची प्रथा हौशी मंडळींत फार जुनी आहे. ती टिकून राहण्याचे कारण असे, की एकाच उत्पादकाच्या गाड्यांत बोल्टांची ठेवण जुळते, भाग पोलादातून नव्याने घडवावे लागत नाहीत, आणि हजारो लोकांनी तो बदल करून त्यातील उणिवा शोधून काढल्या आहेत. मोठ्या पिस्टनना जास्त ऑइल लागते म्हणून त्यासोबत मास्टर सिलेंडरही मोठा घ्यावा लागतो, हे त्या मंडळींना अनुभवानेच कळले.

आपल्याकडे मास्टर सिलेंडरविषयी नेमका उलटा गैरसमज आढळतो. 'मोठा सिलेंडर म्हणजे जास्त दाब' असे सर्रास सांगितले जाते. गणित करून पाहावे. पायाचा जोर पॅडलच्या तरफेने वाढून सिलेंडरवर १,००० न्यूटन पडला असे धरू. सिलेंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल तर नळीत सुमारे ३५ बार दाब तयार होतो. व्यास २२ मिलिमीटर केला तर तोच जोर मोठ्या क्षेत्रफळावर विभागला जातो आणि दाब २६ बारवर येतो, म्हणजे चौथा हिस्सा कमी होतो. पॅडल कमी खाली जाते आणि घट्ट लागते, त्यामुळे चालकाला ब्रेक सुधारल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तेवढाच ब्रेक लावण्यासाठी पायाला आता तिसऱ्या हिश्श्याने जास्त जोर द्यावा लागतो.

मागे ड्रमऐवजी डिस्क बसवण्याचे आकर्षण तर याहून फसवे आहे. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर आधीच फारसे वजन नसते. ते आणखी हलके होते. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली तर गाडीची शेपूट फिरते, आणि ओल्या रस्त्यावर ती सावरणे निष्णात चालकालाही कठीण जाते. म्हणूनच पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे प्रमाण कंपनी फार विचारपूर्वक ठरवते. शिवाय ड्रममध्ये हँडब्रेक आयता असतो. डिस्क बसवताना हँडब्रेकची वेगळी सोय केली नाही, तर भरलेली गाडी चढावर उभी करायची कशाच्या जोरावर?

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. झिजलेले भाग त्याच प्रमाणाच्या नव्या भागांनी बदलणे ही देखभाल झाली, तिला कोणाची हरकत नाही. ब्रेकचा आकार नोंदणीपुस्तकात लिहिलेला नसतो, तेव्हा तो बदलला तर कोणाला कळणार, असा युक्तिवाद ऐकू येतो. मात्र मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्रासाठी तपासणीला उभे राहावेच लागते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीचा सर्वेक्षक प्रथम चाकांकडेच वाकून पाहतो.

अंगणातील काम

वरील मर्यादेत राहून पॅड, होज आणि ऑइल बदलण्याचे काम हातात कसब असलेल्या व्यक्तीला घरी करता येते. कसब नसेल तर पहिल्या वेळी जाणकाराला शेजारी बसवावे. यात कमीपणा नाही.

जागा सपाट आणि टणक हवी. मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर जॅक कलतो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाकाच्या नटांची पकड गाडी जमिनीवर असतानाच सैल करावी. गाडी उचलल्यावर ती लोखंडी घोडीवर टेकवल्याखेरीज तिच्याखाली हातसुद्धा घालू नये. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे वापरण्याचा मोह टाळावा, ते कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतात. मुले आजूबाजूला खेळत असतील तर काम दुसऱ्या दिवशी करावे.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंग कोणत्या भोकात होती याचा संभ्रम पडल्यास दुसरी बाजू नमुन्यादाखल पाहता येते. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. काढलेला कॅलिपर होज पाइपला लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. नव्या पॅडसाठी पिस्टन आत ढकलताना वरच्या डबीतील ऑइलची पातळी वाढते. ते सांडले तर गाडीचा रंग उडतो, म्हणून आधीच थोडे काढून घ्यावे. सरकत्या पिनांना त्यांच्यासाठीचे खास ग्रीस लावावे, आणि ते पॅडच्या तोंडाला लागणार नाही याची खबरदारी घ्यावी.

नळ्यांतील हवा काढण्यास दोन माणसे लागतात. एक पॅडलवर, दुसरा चाकाशी. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे. 'दाब' म्हटल्यावर वरच्याने पॅडल दाबून धरायचे, खालच्याने निपल सैल करायची, बुडबुडे आणि ऑइल बाहेर येऊ द्यायचे, निपल घट्ट करायची, आणि मगच 'सोड' म्हणायचे. हा क्रम चुकला तर हवा बाहेर जाण्याऐवजी आत ओढली जाते. साधारणतः मास्टर सिलेंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात, तथापि गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तोच पाळावा. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. झाली, तर सारे पहिल्यापासून.

काम संपल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, पॅडल घट्ट लागेपर्यंत ते अनेकदा दाबावे. मागे ढकललेले पिस्टन डिस्कपर्यंत पोहोचण्यास तेवढे दाब लागतात. हे विसरून गाडी सुरू करणाऱ्यांना पहिल्या दाबाला ब्रेक मिळत नाही आणि अंगणाची भिंत किंवा शेजाऱ्याची मोटार मध्ये येते. इंजिन सुरू ठेवून पॅडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरावे, मग प्रत्येक जोडाशी टॉर्च लावून गळती पाहावी. चाकाचे नट तिरप्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीने आणि ताशी दहा-पंधराच्या वेगाने घ्यावी. नंतर ताशी ५० वरून १० पर्यंत असे मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक, मध्ये गार होण्यास थोडा वेळ देऊन लावावेत, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसतात. या वेळी पूर्ण थांबून पॅडल दाबून धरू नये, कारण तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे थरथर जाणवते. निघालेले जुने ऑइल गटारात ओतू नये. डबीत भरून गॅरेजमध्ये, जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

पुण्यात कात्रजच्या बाजूला एका गॅरेजमध्ये अलीकडेच असा एक छोटा हत्ती उभा होता. मालक फुलांचा व्यवसाय करतो, आठवड्यातून तीन वेळा मुंबईला जातो. त्याला समोर मोठ्या डिस्क हव्या होत्या. चाके काढल्यावर मागच्या उजव्या ड्रममध्ये लायनर तेलाने चिंब झालेले निघाले, डावीकडचा व्हील सिलेंडर अडकलेला होता, आणि डबीतले ऑइल चहासारखे काळपट झाले होते. म्हणजे इतके महिने ती गाडी घाटात केवळ पुढच्या दोन चाकांवर थांबत होती. 'अहो, मग मोठी डिस्क टाकून पण मागचं तसंच राहिलं असतं ना?' असे त्याने विचारले, तेव्हा मिस्त्रीने हातातला लायनर त्याच्यासमोर धरून अंगठ्याने दाबला आणि बोटाला लागलेले तेल दाखवले. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंचे लायनर, दोन व्हील सिलेंडर, एक ऑइल सील आणि ऑइल बदलून झाले. डिस्कचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. संध्याकाळी फुले भरण्यापूर्वी त्याने गाडी समोरच्या चढावर नेली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून दोन पावले मागे सरकला आणि ती हलत नाही ना, हे काही वेळ उभा राहून पाहिले.